कार्लाइलची पोरं

क्लेअरमाँट रोडवरून मी दोन वर्षं रोज ये-जा केली. सकाळी गोदामाकडे, संध्याकाळी घराकडे. पेनसिल्व्हेनियातलं कार्लाइल हे आज ट्रकांचं आणि गोदामांचं गाव आहे. दोन मोठे हमरस्ते इथे जवळ येतात, त्यामुळे अमेरिकेच्या अर्ध्या पूर्व किनाऱ्याची खोकी इथूनच कुठे कुठे जातात. मी त्या खोक्यांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं बघतो. रस्त्यात लष्करी आवाराचं कुंपण लागतं आणि कुंपणापलीकडे पांढऱ्या दगडांच्या नीटनेटक्या रांगा. लष्कराची जागा, सारखे पांढरे दगड, म्हणजे जवानांची थडगी असणार, असं मी धरून चाललो होतो. दगडांच्या मानाने दोन रांगांतलं अंतर कमी आहे, हे लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

तो लावून दिला आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याने. मी नवीन लागलो तेव्हा त्याने विचारलं होतं, “इंडियन म्हणजे कुठला? टिकलीवाला की पिसांवाला?” हा इथला जुना, शिळा विनोद. मी कोरडं हसलो होतो. पुढे वर्षभराने डबा खाताना विषय निघाला, तेव्हा तोच म्हणाला, “तू रोज ज्या थडग्यांवरून जातोस ना, ती पोरांची आहेत. पिसांवाल्या इंडियनांच्या पोरांची. शाळा होती तिथे.” मग पोळीच्या रोलकडे संशयाने बघत त्याने भर घातली, “त्याच शाळेने हार्वर्डला हरवलं होतं. फुटबॉलमध्ये.”

ही दोन वाक्यं त्याने एका दमात सांगितली. मला मात्र ती एकत्र ठेवायला बरेच महिने लागले.

शाळेची गोष्ट आधी, कारण तिच्याशिवाय संघाची गोष्ट कळत नाही. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कार्लाइलच्या रिकाम्या बराकी मागून घेतल्या आणि तिथे मूळ अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपण त्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत वाढलो. सरकारी कागदावरचा शब्द ‘इंडियन’च होता. शाळेचं नाव कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. दूर पश्चिमेकडून आगगाडीने मुलं आणायची, केस कापायचे, गणवेश चढवायचा, बँडच्या तालावर कवायत करून घ्यायची, आईबापाची भाषा तोंडातून आली तर शिक्षा. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, धुलाई. उन्हाळ्यात घरी पाठवायच्या ऐवजी गोऱ्या कुटुंबांकडे कामाला. १८९२ च्या एका भाषणात प्रॅटने आपलं तत्त्व सांगून टाकलं: त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. हे तो दुष्टपणाने बोलला नव्हता, हीच मला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट. तो त्या काळच्या उदारमतवाद्यांत मोडत होता. त्याच्या विरोधातले लोक दुसरा अर्धा भागही वाचवायला तयार नव्हते.

पहिल्या तुकडीत ल्यूथर स्टँडिंग बेअर नावाचा लाकोटा मुलगा होता. पुढे त्याने सांगून ठेवलंय की वर्गात फळ्यावर पांढऱ्या खुणा काढलेल्या होत्या, हातात एक छडी दिली आणि एक खूण निवडायला सांगितलं. ज्या खुणेला छडी लावली ते नाव झालं. ते वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कारण माझे बाबा आश्रमशाळेत मास्तर होते. जव्हारकडे, तेव्हाचा ठाणे जिल्हा. शाळेचं नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही. जूनमध्ये पाड्यांवरून मुलं यायची. ओटीवर बाकड्यावर बसवून झिरो मशीन फिरायचं. उवा होतात म्हणून. आणि उवा असायच्याही. नाव विचारायचे. मूल घरातलं नाव सांगायचं, मास्तर मान हलवून ‘चांगलं’ नाव लिहायचे. जान्याचा जनार्दन व्हायचा, लख्याचा लक्ष्मण. जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची, म्हणून सगळ्यांची एक जून. बाबांचं अक्षर सुरेख होतं, त्यामुळे दाखल्याचं रजिस्टर त्यांच्याकडे. एका पानावर खाली खाली तीस वेळा १ जून लिहिलेलं मी पाहिलंय, प्रत्येक ‘जू’चा उकार सारखा. वर्गात वारली बोललं की छडी. ‘शुद्ध बोला’ हे वाक्य आमच्या घरातही इतक्यांदा घुमायचं की ते मला बाबांचंच वाटायचं.

तुलना ताणायची नाही. आमच्या शाळेतली मुलं दिवाळीला, शिमग्याला घरी जायची, आया बाजाराच्या दिवशी कुंपणाशी येऊन बसायच्या, आणि दोन वेळची आमटी-भाकरी हे तिथे येण्याचं खरंखुरं कारण होतं. कार्लाइलला पाठवलेलं मूल कित्येकदा वर्षानुवर्षं परत जात नसे. काही मुलं गेलीच नाहीत. क्षयाने, न्यूमोनियाने, साथींनी मेली. दीडशेच्या वर मुलांना तिथे पुरलं. १९२७ मध्ये लष्कराने जागा हवी म्हणून सबंध दफनभूमीच उचलून आजच्या ठिकाणी आणली, आणि त्या खटाटोपात काही नावं चुकली, काही पुसली गेली. मुळात फळ्यावरून उचललेली नावं, तीही दगडावर चुकीची.

आता फुटबॉल. म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा, धडका मारण्याचा. त्यातली बारकी-सारकी कायदेकलमं मला अजून पूर्ण येत नाहीत. सुरुवातीला डिकिन्सन कॉलेजशी झालेल्या सामन्यात एका पोराचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी घातली. मग चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत शिष्टमंडळ घेऊन आली आणि इतकं सुरेख बोलली की तो विरघळला. दोन अटी घातल्या. एक, समोरच्याने ठोसा मारला तरी तुम्ही मारायचा नाही, कारण तुम्ही मारलात की लोक म्हणणार, बघा, रानटीच ते. दोन, काही वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाला हरवायचं. पोरांनी दोन्ही कबूल केल्या.

कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच. शिक्षण फार तर आठवी-दहावीच्या पातळीचं. पण खेळायचे ते हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ अशांशी, आणि बहुतेक त्यांच्याच मैदानांवर. प्रेक्षक तिकीट काढून यायचे ते ‘इंडियन’ बघायला. शाळेत ज्याला मारायचं चाललं होतं, तोच मैदानावर गल्ला भरत होता. संघाचं नावही इंडियन्स. ही विसंगती कुणा चतुर लेखकाने शोधलेली नाही, ती तिकिटावर छापलेली होती.

संघाचा प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, सगळे त्याला ‘पॉप’ म्हणत. कॉर्नेलचा वकील, दणकट, शिवराळ, डोक्याने तल्लख. त्याची पोरं वजनाने हलकी, समोरचे आडदांड. ताकदीने भिडलं तर चिरडले जाणार, म्हणून त्याने युक्त्या बसवल्या. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याने शिंप्याकडून एका जर्सीच्या मागच्या कडेला इलॅस्टिक शिवून घेतलं. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला चेंडू आला, सगळी पोरं घोळका करून उभी राहिली, चेंडू चार्ल्स डिलनच्या पाठीत जर्सीखाली सरकवला, आणि घोळका फुटून दहा दिशांना पळाला. हार्वर्डवाले ज्याला-त्याला आडवं पाडत होते, आणि पाठीला कुबड आलेला डिलन दोन्ही हात हलवत सरळ गोल रेषेपार गेला. सामना कार्लाइल एका गुणाने हरलं, १२–११. पण मला विचाराल तर त्या दिवशी हरलं कोण हे सांगणं कठीण आहे.

दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, फुटबॉल इतका जीवघेणा झाला होता की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने मोठ्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. नियम बदलले. १९०६ पासून पुढे चेंडू फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. मोठ्या संघांना हा पोरखेळ वाटला. कार्लाइलच्या हलक्या, चपळ पोरांना मात्र जणू कुणी आकाशच उघडून दिलं. १९०७ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियाला २६–६ आणि हार्वर्डला २३–१५ हरवलं. प्रॅटची दुसरी अट पुरी झाली. तो स्वतः मात्र १९०४ मध्येच शाळेतून गेला होता.

ज्या मोसमासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, तो १९१२ चा. त्याचं वेळापत्रक मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून माझ्या टेबलासमोर टाचणीने लावलंय. शेजारचा तमिळ मित्र त्याला ‘तुझी कुंडली’ म्हणतो.

त्या उन्हाळ्यात संघातला जिम थॉर्प स्टॉकहोम ऑलिम्पिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आला होता. सॅक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाचा. त्याच शाळेचा लुईस तेवानिमा, होपी जमातीचा, दहा हजार मीटरमध्ये रुपेरी पदक घेऊन आला. गावाने मिरवणूक काढली. मग सप्टेंबर उजाडला आणि थॉर्पने पुन्हा जर्सी चढवली.

वेळापत्रकावर नजर टाकली की आधी दम लागतो. २१ सप्टेंबर ते २८ नोव्हेंबर, एकोणसत्तर दिवसांत चौदा सामने. पहिले चार तर बारा दिवसांत: अल्ब्राइट ५०–७, लेबनन व्हॅली ४५–०, डिकिन्सन ३४–०, व्हिलानोव्हा ६५–०. मग ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन नावाच्या छोट्या कॉलेजाने त्यांना ०–० वर रोखलं. थॉर्पचे गोल चुकत राहिले. मला हा सामना आवडतो. सबंध मोसमात हा एकच असा की ज्यात कार्लाइलच्या नावापुढे भोपळा आहे, आणि तोही दोन्ही बाजूंना.

पुढे सिराक्यूज ३३–०, पिट्सबर्ग ४५–८. शनिवारी, २६ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला ३४–२० ने हरवून ही पोरं गाडीत बसली आणि सोमवारी टोरंटोत, परक्या देशात, अर्धा खेळ अमेरिकन नियमांनी आणि अर्धा कॅनडाच्या नियमांनी खेळून ४९–१ ने जिंकली. तो एक गुण बघून मला दर वेळी हसू येतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक गुण नुसता मिळतच नाही, तो कॅनडाच्या कायद्यातला. पाहुण्याने यजमानाच्या हातावर ठेवलेली साखर. पाच दिवसांनी लिहाय विद्यापीठ, ३४–१४.

एवढा प्रवास का, तर गावातलं मैदान लहान, प्रेक्षक थोडे. पैसा बाहेर होता. तो पैसा अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या खात्यात जायचा, त्याच्या चाव्या वॉर्नरच्या हातात. फुटबॉलच्या पोरांना वेगळी राहायची जागा, वेगळं जेवण. इतर मुलांच्या ताटात काय असायचं त्याचा हिशेब पुढे संसदेच्या चौकशीत निघाला, तो येईलच.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. अमेरिकन लष्कराच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र, त्यांच्या संघाला नुसतं ‘आर्मी’ म्हणतात. वूंडेड नी इथे लष्कराने दीडशेहून जास्त लाकोटा बायामाणसं-मुलं मारली, त्याला तेव्हा बावीस वर्षं होत होती. सामन्याआधी वॉर्नरने पोरांना याची आठवण करून दिली, तुमच्या बापजाद्यांवर बंदुका रोखणाऱ्यांची ही मुलं आहेत असं सांगितलं, अशी दंतकथा आहे. सांगितलं असेलही. पण ओजिब्वे, सॅक अँड फॉक्स पोरांना ही गोष्ट कॉर्नेलच्या वकिलाने सांगायची गरज होती, हे मला पटत नाही.

वॉर्नरने त्या मोसमात एक नवी रचना बसवली होती. मागे उभे राहणारे दोन गडी ओळीच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या अंगाला काढून ठेवायचे. त्यामुळे चेंडू डावीकडून जाणार की उजवीकडून, की मधून, की हवेतून, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. पुढे तिला डबल विंग म्हणू लागले आणि देशभर तिची नक्कल झाली. क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी ठरवणारा गडी, होता गस वेल्च, विस्कॉन्सिनचा ओजिब्वे पोरगा. आर्मीने आधी टचडाऊन केला, म्हणजे चेंडू गोल रेषेपार नेला, पण पुढची, एका जादा गुणासाठीची किक चुकली. मग जो बर्गीने कार्लाइलचा पहिला टचडाऊन केला, थॉर्पने किक मारली, आणि मध्यंतराला ७–६.

आर्मीचा कर्णधार होता लीलंड डेव्होर. हा पहाडासारखा माणूस. त्याच्यासमोर होता जो गायॉन, मिनेसोटाचा ओजिब्वे, वजनाने बराच कमी, आणि पहिला डावभर तो डेव्होरला हैराण करत होता. दुसऱ्या डावात डेव्होरचा तोल गेला, त्याने गायॉनवर झेप घेऊन मारलं, पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. प्रॅटची पहिली अट आठवा. रानटीपणा दाखवायचा नाही अशी शपथ ज्यांच्याकडून घेतली होती ते उभे होते, आणि अधिकारी-गृहस्थ घडवणाऱ्या संस्थेचा कर्णधार हातघाईवर आला म्हणून बाहेर चालला होता. मी ते मैदान पाहिलेलं नाही. पण तेवढी चाल, मैदानाच्या मधून कडेच्या बाकापर्यंतची, मी मनात पुष्कळदा चालवून पाहिली आहे.

शेवट २७–६. थॉर्पची एक लांबलचक धाव, थेट गोल रेषेपर्यंतची, पेनल्टीमुळे रद्द झाली आणि तीच सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसऱ्या डावातले तिन्ही टचडाऊन अ‍ॅलेक्स आर्कासाने केले होते. आर्कासाचं नाव आज किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला ते वेळापत्रक लावल्यावर सहा महिन्यांनी कळलं.

आर्मीकडून त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट खेळत होता. थॉर्पला पाडायचा विडा उचललेल्यांपैकी एक. तोच पुढचा सेनापती, पुढचा राष्ट्राध्यक्ष. उतारवयात एका भाषणात त्याने थॉर्पची आठवण काढली आणि म्हणाला, त्याने आयुष्यात कधी सराव केला नाही, तरी मी पाहिलेल्या कुठल्याही फुटबॉलपटूपेक्षा तो सगळंच जास्त चांगलं करायचा. लोक हे कौतुकाने सांगतात. मला त्यातला ‘सराव केला नाही’ हा भाग खटकतो. अकरा जणांनी मिळून डोक्याने खेळलेला खेळ, तास तास घोटलेली रचना, गायॉनने घेतलेला मार, आर्कासाचे तीन टचडाऊन. आणि आठवणीत उरतो एक निसर्गदत्त, रानातून आलेला, न शिकता सगळं येणारा माणूस. आमच्या आश्रमशाळेतली मुलं खो-खोला पळायची तेव्हा तालुक्याचे लोकही हेच म्हणायचे. “जंगलातली आहेत, पळणारच.” पहाटे साडेपाचला त्यांच्याबरोबर शिट्टी घेऊन उठणाऱ्या बाबांना त्या वाक्याचा फार राग यायचा.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४–२६ अशी हार. मोसमातली एकमेव. मग स्प्रिंगफील्ड ३०–२४, ते सगळे तीस गुण थॉर्पचे. आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रॉव्हिडन्सला ब्राउन विद्यापीठ ३२–०. बारा विजय, एक हार, एक बरोबरी. केलेले गुण मी दोनदा बेरीज करून पाहिलेत: ५०४. खाल्लेले ११४. थॉर्पचे निदान पंचवीस टचडाऊन.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. म्हणजे तो हौशी खेळाडू नाही, म्हणजे ऑलिम्पिकला अपात्र. कॉलेजची किती तरी पोरं तेव्हा उन्हाळ्यात पैसे घेऊन खेळत, फक्त खोट्या नावाने. थॉर्प खऱ्या नावाने खेळला. ज्या शाळेत नावं फळ्यावरून वाटली जायची, तिथल्या पोराला खोटं नाव घ्यायचं सुचू नये, यावर मी काही बोलत नाही. त्याच्या सहीने माफीचं एक पत्र गेलं. त्यात म्हटलं होतं की मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, मला या गोष्टी कळत नव्हत्या. हा शाळकरी मुलगा तेव्हा पंचविशीचा होता. पत्राच्या भाषेमागे वॉर्नरचा हात होता असं मानलं जातं, आणि तो आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं असं म्हणत राहिला. वर्षानुवर्षं पोरांना चकवे शिकवणाऱ्या माणसाला आपला सगळ्यात मोठा खेळाडू दोन उन्हाळे कुठे होता ते माहीत नव्हतं! असो. पदकं काढून घेतली. हरकत घ्यायची मुदत स्पर्धा संपल्यावर तीस दिवसांची होती, हेही तेव्हा कुणी वर काढलं नाही. थॉर्प १९५३ मध्ये गेला. १९८२ मध्ये त्याचं नाव दुसऱ्यांच्या जोडीने पुन्हा विजेत्यांत लिहिलं गेलं, आणि एकट्याचं म्हणून २०२२ मध्ये. त्याचं शरीर इथून दोनेक तासांवरच्या एका गावात आहे. त्याच्या बायकोशी करार करून गावाने स्वतःचं नाव बदलून ‘जिम थॉर्प’ ठेवलं, पर्यटक यावेत म्हणून. मी तिथे गेलो नाही, जावंसं वाटलं नाही.

मला त्याच्यापेक्षा गस वेल्चचं जास्त वाटतं. मोसम संपल्यावर टोपी काढून गप्प बसला नाही तो. शाळेत काय चाललंय याबद्दल त्याने अर्ज लिहिला, त्यावर दोनशेहून जास्त मुलामुलींच्या सह्या गोळा केल्या आणि तो वर पोहोचवला. १९१४ मध्ये संसदेच्या समितीने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. खाण्याची आबाळ, मारझोड, अ‍ॅथलेटिक खात्यातले पैसे कुठे कुठे गेले, वॉर्नरची तोंडाची भाषा, सगळं नोंदलं गेलं. खेळाडूंनी आपल्याच नामवंत प्रशिक्षकाविरुद्ध साक्ष दिली. अधीक्षकाला जावं लागलं, वॉर्नर पिट्सबर्गला जाऊन आणखी मोठा झाला. वेल्चने गावातल्याच डिकिन्सनमधून कायद्याची पदवी घेतली. १९१८ मध्ये शाळा बंद पडली आणि बराकी लष्कराकडे परत गेल्या. महायुद्धातल्या जखमींसाठी तिथे इस्पितळ झालं. आज अधिकाऱ्यांचं युद्ध-महाविद्यालय आहे. फुटबॉलच्या मैदानाला अजून ‘इंडियन फील्ड’च म्हणतात.

२०१७ पासून काही जमातींनी आपली मुलं परत न्यायला सुरुवात केली आहे. बहुतेक वर्षी दफनभूमीला काही दिवस काळं कापड बांधतात, आत खोदकाम चालतं. पहिल्या वर्षी उत्तर अरापाहो लोक तीन मुलांसाठी आले होते. त्यातल्या एकाच्या थडग्यात दुसऱ्याच कुणाची हाडं निघाली. त्या मुलाला शोधून घरी न्यायला पुढचं वर्ष उजाडलं. त्याचं नाव लिटल प्लूम. प्लूम म्हणजे पीस. फोर्कलिफ्टवाल्याचा विनोद मला तेव्हापासून ऐकवत नाही, आणि त्यालाही मी हे सांगितल्यापासून तो करत नाही.

एक गोष्ट राहिली, ती संघातल्या भाषेची. ओजिब्वेला सॅक अँड फॉक्सची भाषा येत नव्हती, होपीची तर दोघांनाही नाही. छडीच्या धाकाने घोटून घेतलेली इंग्रजी हीच त्यांची एकमेकांत बोलायची भाषा. हार्वर्डला कसं फसवायचं याचे बेत त्याच भाषेत ठरले, आणि वेल्चचा अर्जही. हा शाळेच्या बाजूचा मुद्दा आहे की विरुद्ध, हे मी कित्येक सकाळी गाडी चालवताना ठरवायचा प्रयत्न केला. कुंपण मागे पडतं, सिग्नल लागतो, मुद्दा तसाच राहतो.

आमची पोरं एका वर्षी खो-खोत ठाण्याला जिल्ह्यापर्यंत गेली. अनवाणी. अंतिम सामन्यात शहरातल्या शाळेकडून एका गुणाने हरली. बाबा रस्ताभर गप्प होते. मी सात-आठ वर्षांचा, टेम्पोत पुढे त्यांच्या मांडीवर. वाडा गेल्यावर अंधार झाला आणि मागे पोरांनी गाणं धरलं, वारलीत, कांबड नाचाचं, टेम्पोच्या पत्र्यावर ताल धरून. वर्गात त्यातल्या एका शब्दाला एक छडी होती. गाणं वाढत गेलं. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, “गुरुजी, गप करू का त्यांना?”

बाबांनी खिडकीच्या काचेचा हँडल फिरवून काच खाली घेतली.